मद्यधुंद चालकाने जखमी केले तर: भरपाईचा दावा कसा उभा करायचा

चालक दारू प्यायलेला होता, म्हणजे भरपाई आपोआप मिळेल आणि जास्तच मिळेल, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चालकाला शिक्षा द्यायला बसलेले नसते. ते जखमीचे नुकसान मोजते. शिक्षेचे काम फौजदारी न्यायालयाचे. दाव्यात दारूचा संबंध दोनच ठिकाणी येतो. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणे तिने सोपे होते. आणि त्याच दारूचे बोट धरून विमा कंपनी पैसे द्यायचे टाळू पाहते. म्हणून दारूचा पुरावा तातडीने जपायचा, पण दाव्याचा सगळा भार मात्र त्यावर टाकायचा नाही. रक्कम ठरते ती उत्पन्नाच्या, उपचारांच्या आणि अपंगत्वाच्या कागदांवर.

पहिले काही तास

रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. धडकेच्या वेळी ८० मिलिग्रॅम असलेला माणूस साडेतीन तासांत मर्यादेच्या आत येऊ शकतो. जखमी माणूस ऑपरेशन टेबलवर असतो, तेव्हाच हा पुरावा विरत असतो. त्यामुळे घरच्या एकाने रुग्णालय सांभाळावे आणि दुसऱ्याने थेट पोलीस ठाणे गाठावे.

११२ ला फोन करताना ‘चालक दारू प्यायलेला आहे’ हे शब्द स्पष्ट उच्चारा. त्या कॉलची नोंद राहते. ठाण्यात गेल्यावर ‘चालकाची वैद्यकीय तपासणी करून रक्ताचा नमुना घ्यावा’ असा दोन ओळींचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जावर वेळ लिहा. कलम १८५ खाली अटक झाली, तर कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांत तपासणी व्हावीच लागते. फुंकर मारायच्या यंत्राचा कागद उपयोगाचा असतो, पण गंभीर प्रकरणात रक्ताच्या अहवालाचे वजन अधिक. नमुना घेताना कातडी स्पिरिटने पुसलेली नसावी, कुपीत रक्त टिकवणारे द्रव्य असावे, कुपीला सील असावे आणि वेळ नोंदलेली असावी. यातली एक गोष्ट चुकली तरी बचावाच्या वकिलाला तेवढे पुरते. नमुना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि तिथून येतो तो ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल. तो यायला वेळ लागतो, पण तपासणाऱ्या डॉक्टरने त्याच दिवशी लिहिलेली निरीक्षणे लगेच हाती येतात: तोंडाला वास, बोलणे अडखळते का, चाल कशी, डोळ्यांच्या बाहुल्या कशा. त्यांची प्रत मागायला विसरू नका.

नमुन्याचा प्रवासही तितकाच महत्त्वाचा असतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, हे महाराष्ट्राने पाहिले. संशय असेल तर दुसऱ्या सरकारी रुग्णालयात पुन्हा तपासणी करावी, असा लेखी अर्ज वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी त्याचा काही उपयोग नसतो.

चालक पळाला तर रक्त हाती लागत नाही. जुलै २०२४ च्या वरळी अपघातात मुख्य आरोपी दोन दिवसांनी सापडला. एवढ्या वेळात शरीरात दारू उरत नाही. अशा वेळी बारचे किंवा परमिट रूमचे बिल, यूपीआयची नोंद, तिथले आणि रस्त्यावरचे सीसीटीव्ही चित्रण, सोबत बसलेल्यांचे जबाब यांवरच भिस्त असते. बरेच खासगी कॅमेरे जुने चित्रण काही दिवसांत पुसून त्यावरच नवे नोंदवतात. म्हणून ‘अमुक ठिकाणचे, अमुक वेळेतले चित्रण ताब्यात घ्यावे’ असा नेमका अर्ज द्या. ‘सीसीटीव्ही तपासावा’ एवढ्या मोघम वाक्याने काम होत नाही. चाचणी झालेली नसली तरी आजूबाजूच्या परिस्थितीवरून नशा सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस निकालात म्हटले आहे.

रुग्णालयातली एक ओळ

दाखल करताना डॉक्टर ‘हिस्टरी’ विचारतात आणि घाबरलेला नातेवाईक सांगतो, ‘गाडीवरून पडला.’ ते तसेच लिहिले जाते. पुढे विमा कंपनी हीच ओळ घेऊन उभी राहते: गाडी स्वतःच घसरली, आमच्या वाहनाचा संबंध नाही. कितीतरी दावे या एका ओळीवर अडतात. म्हणून सांगताना ‘अमुक नंबरच्या कारने मागून धडक दिली’ असे सांगा, एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालयाने करायची नोंद) झाली का ते विचारा आणि लिहिलेले वाचून घ्या. चूक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा.

मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयात पैसे न भरता होतात. अनामत रक्कम मागितली तर या योजनेचे नाव घ्या.

पोलिसांकडून काय घ्यायचे

एफआयआरमध्ये कलम १८५ आहे का पाहा. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे), आणि दुखापतीनुसार १२५ (अ) (साधी दुखापत) किंवा १२५ (ब) (गंभीर दुखापत) त्यासोबत असावे. हाड मोडले असेल, तर ती गंभीर दुखापत. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तर तीही गंभीरच. पहिल्या एफआयआरमध्ये १२५ (अ) लागले आणि एक्स-रे नंतर आला, तर इंज्युरी सर्टिफिकेट जोडून कलम वाढवून घ्या. एफआयआरची प्रत पीडितालाही विनामूल्य मिळते.

२०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी तपास अधिकाऱ्यावर वेळापत्रक घातले आहे. ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल. तो न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जातो, आणि कलम १६६ (४) नुसार न्यायाधिकरण त्यालाच दाव्याचा अर्ज मानते. नियम चांगला आहे, पण अहवाल अर्धवट जाण्याचा धोका असतो: जखमीचे उत्पन्न रिकामे, खर्चाची बिले नाहीत. जखमीने भरायचा नमुना सहा स्वतः भरून कागदांसह द्या आणि पोलिसांच्या अहवालावर विसंबून न राहता स्वतंत्र दावाही दाखल करा. फाइलमध्ये एवढे असायला हवे: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, आरसी, लायसन्स, विमा पॉलिसी, कॉम्प एए फॉर्म (अपघाताच्या तपशिलाचा पोलिसांचा नमुना), सीए रिपोर्ट आणि शेवटी दोषारोपपत्र. पॉलिसी अपघाताच्या तारखेलाच नव्हे, त्या वेळेलाही चालू होती का, हे तपासा. दुपारी अपघात आणि संध्याकाळी काढलेली पॉलिसी, असा प्रकार घडतो.

सहा महिने

कलम १६६ (३) नुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत पुन्हा आली. तिला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत, आणि केवळ उशिरामुळे दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी त्या आदेशाच्या भरवशावर बसू नका. अंतिम निकाल कोणत्याही बाजूने लागू शकतो. सीए रिपोर्ट आला नाही, प्लॅस्टर निघाले नाही, अपंगत्वाचा दाखला मिळाला नाही, यांपैकी कशासाठीही थांबायची गरज नाही. हे सगळे नंतर जोडता येते. व्याजही बहुधा दाव्याच्या तारखेपासून मोजतात, त्याआधीचे मिळत नाही. म्हणजे उशिराचा तोटा दुहेरी.

दावा कुठे लावायचा, हे जखमीच्या सोयीवर आहे. अपघात झाला तिथे, जखमी राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो तिथे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जखमी झालेला सोलापूरचा माणूस सोलापुरातच दावा लावू शकतो. सामनेवाल्यांत वाहनमालक आणि विमा कंपनी असायलाच हवेत, चालकालाही सामील करा. काम करताना जखमी झालेल्याला, उदाहरणार्थ डिलिव्हरी करणाऱ्याला, कामावरच्या इजेच्या भरपाईचाही रस्ता असतो (नोव्हेंबर २०२५ पर्यंत तो कर्मचारी भरपाई कायद्यात होता, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे). पण कलम १६७ नुसार दोहोंपैकी एकच निवडावा लागतो.

अडीच लाखांची ऑफर

कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे न पाहता ठरावीक रक्कम आहे: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. कलम १४९ खाली विमा कंपनीचा नेमलेला अधिकारी जखमीपुढे तडजोडीचा प्रस्ताव ठेवतो. उपचारांनी कंगाल झालेल्या घराला अडीच लाख मोठे वाटतात आणि सही होते. ही सही करण्याआधी शंभरदा विचार करा, कारण त्या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मूळ दावा संपतो. पाय कायमचा आखूड झालेल्या माणसाचा दावा पंधरा-वीस लाखांचा असू शकतो. किरकोळ फ्रॅक्चर, पूर्ण बरे झालेले हाड, चूक कुणाची याबद्दल खरोखर वाद, अशा वेळी ही रक्कम घेणे शहाणपणाचे ठरू शकते. कायमचे व्यंग राहणार असेल, तर नाही.

चालकाकडून ‘केस मागे घ्या, दवाखान्याचे बघतो’ असा निरोपही येतो. कोऱ्या कागदावर किंवा ‘सर्व नुकसानभरपाई मिळाली’ अशा मजकुरावर सही करू नका. उपचारासाठी पैसे घेतलेच तर बँकेतून घ्या आणि पावतीवर ‘उपचारासाठी अंशतः’ असे लिहा.

विमा कंपनीचा दारूचा बचाव

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये मद्याच्या अमलाखाली वाहन चालवणे हा विमा कंपनीला मांडता येणारा बचाव झाला. त्यामुळे ‘चालक झिंगलेला होता’ हे जखमीने ठासून सांगायचे आणि कंपनीने तेच उचलून ‘मग आमची जबाबदारी नाही’ म्हणायचे, असा पेच उभा राहतो. काही जण घाबरून दाव्यात दारूचा उल्लेखच टाळतात. तसे करू नये. दोषारोपपत्रात ते असणारच, आणि लपवाछपवी उघड झाली तर जखमीचीच साक्ष डळमळते.

दाव्याची मांडणी अशी ठेवा. मुख्य आरोप बेदरकारपणाचा: वेग, चुकीची बाजू, सिग्नल तोडणे, मागून धडक. दारू त्याला आधार देणारी वस्तुस्थिती म्हणून. पॉलिसी हा मालक आणि कंपनी यांच्यातला करार आहे. त्याची अट मालकाने किंवा चालकाने मोडली, तर रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाने त्याची किंमत का मोजावी? न्यायालये याच विचाराने ‘आधी द्या, मग वसूल करा’ असा आदेश करतात: कंपनीने जखमीला पैसे द्यायचे आणि नंतर मालक-चालकाकडून वसूल करायचे. लायसन्सच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंह निकालात ही वाट घालून दिली. मद्यपी चालकाच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीच धरली. दाव्याच्या मागणीत हे वाक्य स्वतंत्रपणे हवे: ‘पॉलिसीच्या अटींचा भंग सिद्ध झाल्यास सामनेवाल्या विमा कंपनीने प्रथम रक्कम अदा करून ती मालकाकडून वसूल करावी.’ आणि बचाव सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हे युक्तिवादात सुटू देऊ नका.

फौजदारी खटल्यात चालक सुटला, तरी दावा बुडत नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे काय अधिक संभाव्य एवढेच पाहतात.

रक्कम कशी मोजतात

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकालाने जखमींच्या दाव्याचा साचा घालून दिला. झालेला खर्च, म्हणजे उपचार, औषधे, प्रवास, सकस आहार, सोबतीचा माणूस. अंथरुणावर असताना बुडालेली कमाई. कायमच्या व्यंगाने पुढे बुडणारी कमाई. पुढचे उपचार. वेदना, आणि जगण्यातल्या सुखाला आलेली तूट. यांपैकी सर्वांत मोठा आकडा बहुधा पुढच्या कमाईचा असतो, आणि नेमक्या तिथेच दावे ढिसाळ राहतात.

समजा, ३२ वर्षांचा वेल्डर, स्वतंत्र काम करणारा, महिना २०,००० कमावणारा. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीसाठी भविष्यातील वाढ ४० टक्के धरतात, म्हणजे महिना २८,००० आणि वर्षाला ३,३६,०००. ३१ ते ३५ वयासाठी गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो, वयानुसार ठरलेला आकडा) १६. गुणाकार ५३,७६,०००. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असेल, तर १६,१२,८००. न्यायाधिकरणाने ती १५ टक्केच धरली, तर ८,०६,४००. एका आकड्याने आठ लाखांचा फरक. पगारी कायम नोकरी असेल तर वाढ ५० टक्के. चाळिशी ओलांडली की हे प्रमाण उतरते: कायम नोकरीला ३० आणि स्वतंत्र काम करणाऱ्याला २५ टक्के. गुणक ३६ ते ४० वयाला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३. मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी कमाईचा काही भाग वजा होतो. जखमीच्या दाव्यात तो होत नाही. कंपनीच्या हिशेबात ती वजावट घुसडलेली आढळली तर हरकत घ्या.

आता ते ३० टक्के कुठून येतात? दाखल्यावर ‘उजव्या पायाचे ४० टक्के अपंगत्व’ लिहिलेले असते. तो एका अवयवाचा आकडा झाला. सगळ्या शरीराचा आकडा त्याहून कमी, आणि कमाईवरचा परिणाम या दोहोंपेक्षा वेगळा. गुडघा न वाकणाऱ्या कारकुनाची नोकरी बहुधा टिकते, पण शिडी चढणाऱ्या वेल्डरचे काम थांबते. तोडलेल्या पायाच्या चालकाची चालक म्हणून कमाई शंभर टक्केही जाऊ शकते. म्हणून दाखल्यासोबत कामाचे वर्णन पुराव्यात आणा: आधी काय करत होता, आता त्यातले काय जमत नाही, मालकाचे किंवा ठेकेदाराचे तसे पत्र. दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवा. डॉक्टर उलटतपासणीला न आल्यामुळे दाखला बाजूला पडतो आणि टक्का अर्ध्यावर येतो. डॉक्टरांना वेळ नसेल, तर कोर्ट कमिशनरमार्फत साक्ष नोंदवण्याचा अर्ज करता येतो. दाखला उपचार स्थिरावल्यावरच घ्या. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून घेतलेल्या दाखल्यावर कमी वाद होतो.

उत्पन्नाचे कागद अपघाताआधीचे हवेत. अपघातानंतर घाईने भरलेल्या आयकर विवरणपत्रावर न्यायाधिकरण संशय घेते. विवरणपत्र नसेल तर बँक पासबुक, यूपीआयच्या नोंदी, ठेकेदाराचे हजेरीपत्रक, गाळ्याचा परवाना, शेतकऱ्याचा सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या चालतात. काहीच नसेल तर किमान वेतन धरतात. गृहिणीचेही मानीव, म्हणजे गृहीत धरलेले, उत्पन्न मोजतात. ‘घरकाम’ असे दाव्यात लिहून कमाईचा रकाना मोकळा सोडणे ही मोठी चूक.

बिले मूळ हवीत आणि औषधांच्या बिलाला डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली हवी. थर्मल कागदावरची बिले वर्षभरात पुसट होतात. लगेच झेरॉक्स काढून मूळ प्रतीसोबत ठेवा. मेडिक्लेममधून खर्च मिळाला असेल तर तो वजा होतो, असे कंपन्या सांगत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही. मात्र मूळ बिले मेडिक्लेम कंपनीकडे जमा असतात, म्हणून तिच्याकडून प्रमाणित प्रती आणि मंजुरीचे पत्र मागवून ठेवा.

रक्कम आधी कमी मागितली म्हणून अडत नाही. पुराव्यावरून न्याय्य ठरेल ती, मागणीपेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकते.

अडचणीच्या तीन जागा

विमाच नसेल तर मालकावर थेट निकाल घ्यावा लागतो आणि वसुली अवघड जाते. अशा वेळी पोलिसांनी जप्त केलेले वाहन हेच हातातले तारण. मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ते सोडू नये असा अर्ज न्यायालयात लगेच द्या. विमा नसलेल्या वाहनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसे निर्देश दिलेले आहेत.

वाहन शेवटपर्यंत सापडले नाही, तर कलम १६१ ची ‘हिट अँड रन’ योजना: गंभीर दुखापतीसाठी ५०,०००, मृत्यूसाठी २ लाख. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांच्या पातळीवरच्या दावे चौकशी अधिकाऱ्याकडे. रक्कम तुटपुंजी आहे, पण नंतर वाहन सापडले तर मूळ दाव्याचा विचार पुन्हा करता येतो.

जखमी त्याच मद्यपी चालकाच्या गाडीत बसलेला असेल, तर आधी पॉलिसी पाहा. खासगी कारच्या पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसीत आतल्या प्रवाशाची जोखीम येते. नुसत्या ‘थर्ड पार्टी’ पॉलिसीत बहुधा येत नाही. ‘प्यायलेला आहे हे माहीत असून बसला’ असा आक्षेपही येईल.

वकील, तडजोड आणि पैसे हातात पडेपर्यंत

रुग्णालयाच्या दारात भेटणारे दलाल वकीलपत्रावर आणि कोऱ्या चेकवर सही घेतात. भरपाईच्या टक्क्यावर फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी लेखी ठरवा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून विनामूल्य वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

लोकअदालतीत पैसे लवकर हाती येतात. पण तिथल्या निवाड्याविरुद्ध अपील नाही. जाण्याआधी वरच्या पद्धतीने स्वतःचा आकडा कागदावर काढा, त्यावर व्याज मिळवा आणि मगच कंपनीचा आकडा ऐका.

निवाडा झाल्यावर ३० दिवसांत रक्कम भरायची असते. व्याज बहुधा ६ ते ९ टक्के. कंपनीने ती भरली नाही, तर न्यायाधिकरणातच वसुलीचा अर्ज करा. कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते, मात्र वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर नाही. कंपनीने अपील केले, तरी तिला २५,००० किंवा निवाड्याच्या निम्मी, यांतली कमी रक्कम भरावीच लागते. स्थगिती मागायला ती आली, तर आणखी रक्कम जमा करून घेण्याचा आणि त्यातला काही भाग उपचारासाठी काढू देण्याचा अर्ज त्याच सुनावणीत द्या. त्यासाठी पुढच्या शस्त्रक्रियेचे रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक तारखेसह जोडा.